सहा प्रॅक्टिकलांचा खुलासा

१८ ऑगस्ट, सोम.
शेख मॅडम शनिवारपासून बाळंतपणाच्या रजेवर. जाताना जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेची दुसरी किल्लीही माझ्याच हातात ठेवली. "सुमनताई, मुलांकडे बघा." मी म्हटलं, चोवीस वर्षं काचपट्ट्या धुतेय, मुलांकडे बघणं परिचराच्या कामात बसत नाही. हसल्या. त्यांच्या जागी कोण येणार ते उपप्राचार्य दातार सरांना माहीत. विचारलं की म्हणतात, "प्रक्रिया सुरू आहे."
दुपारी सूक्ष्मदर्शक पुसले. बारापैकी नऊ चालू. मेथिलीन ब्ल्यूचा रंग बाटलीच्या तळाला गेलाय.

२० ऑगस्ट, बुध.
नव्या अकरावीचं पहिलं प्रॅ. बावीस मुलं, शिक्षक कोणी नाही. दातार सर दारातूनच, "मावशी, तासभर बसवून ठेवा. आवाज बाहेर यायला नको."
बसवून ठेवायला ती काय भांडी आहेत? दहा मिनिटांत बाकांवर ठेका सुरू. कांदे मी आणलेलेच होते. फोडी केल्या, आतल्या अंगाची पातळ साल कशी ओढायची ते एकीला दाखवलं, मग सगळेच गोळा झाले. साल पाण्याच्या थेंबात पसरायची, सॅफ्रनिनचा लाल थेंब टाकायचा, वरची पातळ काच तिरकी टेकवून हळू सोडायची. नाहीतर हवेचे बुडबुडे अडकतात आणि मुलं बुडबुड्यालाच पेशी समजतात. दरवर्षी समजतात.
आर्यन नावाचा एक, "नुसते बॉक्सेस आहेत." मागून एक मुलगी, "ह्ये तर विटांचं भिताड हाय." बाकीचे हसले. प्रणाली खांदवे, लोहगावची, दहावीपर्यंत मराठी माध्यम. मी म्हटलं, बरोबर बोलली. एकेक वीट म्हणजे एक पेशी. बाहेरची रेघ ही भित्तिका, तुमच्या पुस्तकात सेल वॉल. आतला गडद ठिपका केंद्रक.
एवढंच बोलायचं होतं. पाऊण तास बोलले.
घरी येताना बसमध्ये पर्सची चेन उघडझाप, उघडझाप. शेजारची बाई बघत होती.

२५ ऑगस्ट, सोम.
आज पवार सर आले होते, दुसऱ्या तुकडीचे. हजेरी घेतली, सात मिनिटांत गेले. त्यांचाही तास असतो, त्यांना काय बोलणार.
प्रणालीने बुधवारी जाताना विचारलेलं डोक्यातून जात नव्हतं. पुस्तकात दोन रेघा, वॉल आणि मेम्ब्रेन. खाली दिसते एकच. दुसरी कुठाय?
म्हणून आज कुंडीतल्या जांभळ्या पाठीच्या झाडाचं पान. साल काढली. प्रत्येक खण जांभळ्या पाण्याने काठोकाठ भरलेला. मग कडेने मिठाचं पाणी सोडायला लावलं, दुसऱ्या कडेने टिपकागद. जांभळा रंग कडा सोडून मध्ये गोळा व्हायला लागला. रेघ जागच्या जागी.
म्हटलं, जी हलली नाही ती भित्तिका. जे सुटून आत आलं त्याच्याभोवती पटल आहे, तेच मेम्ब्रेन. इतका वेळ भित्तिकेला चिकटून होतं. कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर पाणी सुटतं, तसं आतलं पाणी बाहेर गेलं. आता साधं पाणी सोडा.
सोडलं. थोड्या वेळाने प्रणाली, "भरली परत." सगळे पुढे सरकले. आर्यनही वाकून.
छान वाटलं. चोवीस वर्षं मागच्या बाकाशी उभी राहून ऐकलेलं हे सगळं. मला समजलंय की नुसतं पाठ झालंय?

१ सप्टेंबर, सोम.
गेल्या बुधवारी गणपतीची सुट्टी. आज गालाच्या पेशी. स्वच्छ काडीने गालाच्या आतून हलकं खरवडायचं, काचेवर पसरायचं, मेथिलीन ब्ल्यू. (नवी बाटली मिळाली, अर्ज तीन वेळा केल्यावर.) मुलींचं ई ई करून झालं. मग स्वतःच्याच तोंडातलं बघून सगळ्या गार.
वेड्यावाकड्या चकत्या, कडा दुमडलेल्या, मध्ये निळा ठिपका. भित्तिका नाही, नुसतं पटल. प्रणाली म्हणाली, "मावशी, आपल्याला भिताड नाय, मग आपण उभं कसं ऱ्हातो?" मी म्हटलं, आपल्याला हाडं आहेत. झाडाला हाडं नाहीत, त्याची प्रत्येक पेशी स्वतःची भिंत घेऊन उभी असते.
आर्यनने विचारलं, मायटोकॉन्ड्रिया कुठाय. म्हटलं, तंतुकणिका आहेत, पण फार बारीक, या रंगाने या सूक्ष्मदर्शकातून दिसणार नाहीत. "मग जर्नलमध्ये काढायच्या का?" नाही काढायच्या. जे दिसतं तेवढंच.
शेवटी मी जोरात सांगितलं, केंद्रक मात्र प्रत्येक पेशीत असतंच.
घरी हे म्हणाले, आज फार बोलतेयस. भाजी करपली.

३ सप्टेंबर, बुध.
हायड्रिला. पाण्यातली वेल, माशांच्या दुकानातून आणली. अख्खं पान काचेवर ठेवलं तरी चालतं, इतकं पातळ. सगळ्या पेशींत हिरवे दाणे, हरितलवकं. दिव्याखाली जरा ऊब मिळाली की दाणे भित्तिकेच्या कडेकडेने फिरायला लागतात. पेशीतला रस फिरतो, दाणे त्याच्याबरोबर वाहतात.
आर्यन, "मावशी, हा व्हिडिओ आहे?"
"पान आहे. मघाशी तूच ठेवलंस."
फोन भिंगाला लावून त्याने चित्रण केलं. मग सगळ्यांनाच करायचं होतं. प्रणालीकडे तसला फोन नाही, ती नुसती बघत बसली, उठेचना.

४ सप्टेंबर, गुरु.
जेवायच्या सुट्टीत अकरावीचं पुस्तक घेऊन बसले. इंग्रजी, एकेक ओळ बोट ठेवून. आणि तिथे सरळ लिहिलेलं. माणसाच्या तांबड्या रक्तपेशीत, ती पूर्ण वाढली की, केंद्रक नसतं.
"प्रत्येक पेशीत असतंच." माझा स्वतःचा आवाज ऐकू येतोय. बावीस जणांनी लिहून घेतलं असणार.
शेख मॅडमनी हे सांगितलेलं असणार, दरवर्षी. मी तेव्हा बेसिनपाशी असेन. नळाचा आवाज.
डबा तसाच परत आणला.

८ सप्टेंबर, सोम.
कपाटातली रक्ताची तयार पट्टी काढली. प्रत्येकाला बघायला लावलं. असंख्य गुलाबी चकत्या, मध्ये फिकट. ठिपका कुठेच नाही. अधूनमधून एखादी मोठी पांढरी पेशी, तिच्यात गडद जांभळं केंद्रक.
मग सगळ्यांना हात थांबवायला सांगून म्हटलं, मागच्या सोमवारी मी चुकीचं सांगितलं होतं. प्रत्येक पेशीत केंद्रक असतं असं नाही. तांबडी पेशी मोठी होताना केंद्रक टाकून देते, प्राणवायू वाहून न्यायला तेवढी जागा जास्त. पण त्यामुळे ती स्वतःची दुरुस्ती करू शकत नाही आणि काही महिन्यांत मरते. वहीत खोडा आणि नीट लिहा.
खोडलं सगळ्यांनी. प्रणालीने रेघ मारून बाजूला तारीख टाकली.
आर्यनचा फोन तेव्हाही भिंगालाच होता.
हलकं वाटलं आज. बसमध्ये झोप लागली, विश्रांतवाडीचा थांबा हुकला.

१० सप्टेंबर, बुध.
बटाटा. आयोडिन टाकलं की पिठूळ कण काळेनिळे. सहावं प्रॅ. पवार सर आजही आले नाहीत. एक मुलगी चुकून "मॅडम" म्हणाली. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

११ सप्टेंबर, गुरु.
दातार सरांनी बोलावलं. टेबलावर कागद. आर्यनच्या वडिलांची तक्रार. आर्यनने घरी कौतुकाने चित्रण दाखवलं, रक्तपेशींचं, त्यात माझा आवाज. वडिलांनी विचारलं, ह्या कोण मॅडम. तो म्हणाला, मॅडम नाहीत, मावशी.
सरांनी वाचून दाखवलं. शिपाई दर्जाची व्यक्ती विज्ञान शिकवते. चुकीचं शिकवते. स्वतः तसं कबूल करते.
"मावशी, मी तुम्हाला बसवून ठेवा म्हटलं होतं."
"हो सर."
"मग?"
 म्हटलं, बसत नव्हती.
त्यांनी चष्मा पुसला. सोमवारपासून प्रॅ. बंद, पुढचा आदेश होईपर्यंत. प्रकरण संस्थेच्या समितीपुढे जाईल. मी लेखी खुलासा द्यायचा.

१२ सप्टेंबर, शुक्र.
ते वडील आज स्वतः आले. खराडीला कुठल्या कंपनीत असतात, गळ्यात ओळखपत्र तसंच. मी काचपट्ट्या वाळत घालत होते.
"आंटी, प्लीज पर्सनल घेऊ नका. माझा प्रॉब्लेम सिस्टमशी आहे. उद्या मेडिकलसाठी नीटला बसायचंय त्याला."
मी म्हटलं, बरोबर आहे तुमचं.
खरंच बरोबर आहे त्यांचं. माझा मुलगा असता तर मीही विचारलं असतं, कोण शिकवतंय.
जाताना ते सूक्ष्मदर्शकांकडे बघत राहिले. म्हणाले, "तो म्हणत होता, मजा येते." मग गेले. दिवसभर हातातून वस्तू पडत होत्या. दोन काचा फुटल्या, नोंद केली.

१४ सप्टेंबर, रवि.
विहारात गेले. पंचशील म्हणताना चौथं आलं, खोटं न बोलण्याचं, आणि मी नुसते ओठ हलवले. शेजारच्या बायांच्या आवाजात मिसळून गेलं. अजून तर मी काही लिहिलेलंही नाही.

१५ सप्टेंबर, सोम.
प्रॅ. नाही. प्रयोगशाळेला आतून कडी लावून बसले. साडेअकराला मुलांचा आवाज जिन्यात आला आणि पुढे निघून गेला.
दुपारी दातार सर आणि पवार सर दोघेही आले. दातार सरांनी खुलासा टाईप करूनच आणलेला. मी सही करायची. त्यात असं: सदर सहा प्रात्यक्षिके श्री. पवार यांनी घेतली. मी फक्त साहित्य मांडले. चित्रणातील माझे बोलणे हे विद्यार्थ्यांशी सहज झालेले संभाषण होते.
दातार सर समजावून सांगत होते, आवाज न चढवता. जर्नलवर शिक्षकाची सही लागते. शिक्षक नव्हताच असं कागदावर आलं तर ती सहा प्रॅ. झालीच नाहीत असं धरलं जाईल. भोगणार मुलं. "आणि तुमची नोकरीची तीन वर्षं राहिलीत, मावशी. नीट जाऊ द्या."
पवार सर खिडकीबाहेर बघत होते. मी विचारलं, सर, तुमचं काय म्हणणं.
"माझी हरकत नाही," म्हणाले. मग, "मी दोनदा आलो होतो ना तसा."
एकदा आले होते.
गुरुवारपर्यंत मुदत.

१६ सप्टेंबर, मंगळ.
सकाळी दारात प्रणाली. मला वाटलं काहीतरी विचारायला आली, पुस्तकातलं.
"मावशी, सर म्हणत्यात तुमी सही केली की आमची जर्नलं पास व्हत्यात."
हो.
"मग करा की."
मी टेबल पुसत राहिले.
"माझ्या घरी आधीच म्हणत्यात, आर्ट्सला टाकली आसती तर बरं. ह्ये परत करायला लागलं तर मला काढत्याल. तुमाला काय फरक पडतोय, मावशी? तुमचं नाव तर तसं बी नसतंय कुठं."
वाईट हेतूने नाही म्हणाली. सरळ म्हणाली. खरंच आहे ते. नाव कुठेच नसतं. कुठल्या जर्नलवर परिचराचं नाव असतं?
ती गेल्यावर मी सगळ्या बाटल्यांची झाकणं काढून परत लावली.

१७ सप्टेंबर, बुध.
संध्याकाळी यांना सगळं सांगितलं. बस गॅरेजात तीस वर्षं काढलेला माणूस, कागदांना भीत नाही. म्हणाले, "सही कर आणि सुट. तिथे कोण तुझी आरती ओवाळणार आहे?"
मी म्हटलं, सही केली तर त्या मुलांना केंद्रकाबद्दल चुकीचं कोणी सांगितलं आणि दुरुस्त कोणी केलं?
"पवार सरांनी."
"त्यांनी नाही केलं."
"मग चूक तुझ्या नावावर राहावी म्हणून भांडतेयस?"
 चिडून स्वयंपाकघरात गेले. परत आले. पुन्हा गेले. शेवटी हेच म्हणाले, बस एकदाची आणि तुला काय लिहायचं ते लिही, घरभर फिरू नकोस.
लिहिलं. दोन पानं. वीस ऑगस्टपासून सहाही प्रॅ., तारखेसह. काय साहित्य वापरलं, काय दाखवलं, शिक्षक कोणत्या दिवशी किती वेळ हजर. एक सप्टेंबरला मी काय चुकीचं सांगितलं, आठला काय दुरुस्त केलं. मग शेवटी विनंती, की सहाही प्रॅ. शनिवारी जादा तास घेऊन शिक्षकांच्या समोर पुन्हा व्हावीत, साहित्य मी तयार करीन, म्हणजे मुलांचं काही जाणार नाही.
यांनी सरांचा टाईप केलेला आणि माझा, दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले. चष्मा काढला. "तुझ्यात शुद्धलेखनाच्या चुका जास्त आहेत." मग पेन्सिल घेऊन बसले आणि चारही दुरुस्त करून दिल्या.

१८ सप्टेंबर, गुरु.
दातार सरांना दिला. त्यांनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, घडी घातली, माझ्याकडे सरकवला.
"हे मी वाचलेलं नाही."
मी उभीच.
"मावशी, मी तुमच्या बाजूने आहे हे तुम्हाला कळत नाहीये. शनिवारी जादा तास कोण घेणार? पवार? त्यांना विचारलंत? सोमवारी या. सही केलेला आणा."
त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलंय. त्यांच्यावरही वरून कोणीतरी असणार.

२० सप्टेंबर, शनि.
स्टाफरूमबाहेर पवार सरांना गाठलं. विचारलं, सर, शनिवारी चार आठवडे, दोन-दोन तास. सगळं मांडून ठेवीन, तुम्ही फक्त घ्यायचं. म्हणाले, शनिवारी त्यांचे क्लास असतात. मग म्हणाले, बघतो. मग म्हणाले, "मावशी, तुमच्या कागदात माझी सात मिनिटं लिहिलीत का?"
"लिहिलीत."
"बरं." आणि गेले. रागावले की काय, कळलं नाही.

२२ सप्टेंबर, सोम.
दातार सरांच्या खोलीकडे निघाले होते. पाय आवक-जावकच्या टेबलाकडे वळले. मोरे तिथे सोळा वर्षं आहेत. कागद पुढे केला, माझाच, नवीन प्रत. त्यांनी वरवर चाळला आणि दाराकडे बघितलं.
"सरांना दाखवलाय?"
"दाखवलाय. वाचला नाही म्हणाले."
"शिक्का मारला की नोंद होते. मग तो कागद नाही असं कोणालाच म्हणता येत नाही. तुम्हालाही."
"माहीत आहे."
"बसा जरा. पाणी प्या."
पाणी प्यायले. त्यांनी शिक्का मारला, क्रमांक टाकला, माझ्या प्रतीवरही मारून दिला. प्रत पर्समध्ये नीट जाईना, त्यांनीच घडी घालून दिली.
दातार सरांकडे जाऊन सांगितलं. त्यांनी समोरची फाईल बंद केली. मग, "ठीक आहे. आता माझ्या हातात नाही."

२५ सप्टेंबर, गुरु.
काही नाही. समितीकडून निरोप नाही. चहाच्या वेळी मी आले की विषय बदलतात. प्रणाली जिन्यात भेटली, मान खाली घालून गेली. तिच्यावर रागावता येत नाही, आणि राग येतो.
आर्यन मात्र थांबला. म्हणाला, "सॉरी मावशी, मी तो व्हिडिओ नुसता दाखवायला..." वाक्य पुरं केलं नाही. मी म्हटलं, अभ्यास कर.

२६ सप्टेंबर, शुक्र.
वेळापत्रकात सातवं प्रॅ. पेशी विभाजनाचं आहे. एका पेशीच्या दोन कशा होतात ते. त्यासाठी कांद्याची कोवळी मुळं लागतात, वाढ टोकाला होते, तिथेच पेशी विभागताना सापडतात. मुळं फुटायला तीन-चार दिवस. बंद आहे माहीत असूनही आठ कांदे बाटल्यांच्या तोंडावर बसवले, बूड पाण्याला टेकेल असे. रिकामं बसवत नव्हतं.

२९ सप्टेंबर, सोम.
मुळं छान आली, दोन बोटं लांब, पांढरी शुभ्र.
साडेचारला दातार सर स्वतः प्रयोगशाळेत. बसले नाहीत. समितीची बैठक उद्या दुपारी तीनला. मला बाहेर थांबावं लागेल, विचारलं तरच आत जायचं. नवीन शिक्षिका मिळण्याचं चाललंय, पण नक्की नाही. पवारांनी शनिवारबद्दल त्यांना काहीतरी चिठ्ठी दिलीय. काय आहे त्यात, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.
मग बाटल्यांकडे बघून, "हे कशाला?"
"बुधवारच्या प्रॅ.चं, सर. झालं तर."
"ते बैठकीनंतरच कळेल, मावशी. तोवर काही करू नका."
हो म्हटलं.
टोकं सकाळी आठच्या सुमारास कापावी लागतात, तेव्हा विभाजन जास्त सापडतं. मग चोवीस तास पेशी आहेत तशा थिजवणाऱ्या द्रावणात. बुधवारी मुलांना दाखवायचं तर उद्या सकाळीच कापायला हवीत. बैठक तीनला.
किल्ली माझ्याकडेच आहे.